आज काय गावलं? कोकणात खानावळी आणि दुर्मिळ पदार्थ शोधण्याची रीत

मुंबई-गोवा महामार्गावर 'मालवणी जेवण' अशा पाट्या पावलोपावली दिसतात. नव्याने आलेला माणूस तिथे दोन-तीनदा जेवतो. प्रत्येक ठिकाणी तोच लाल रस्सा, तोच सुरमईचा तुकडा ताटात येतो, आणि कोकणचं जेवण म्हणतात ते हेच का, असं त्याला वाटायला लागतं. ते जेवण वाईट असतं असं नाही. पण ज्या जेवणासाठी लोक कोकणाचं नाव काढतात ते एखाद्या घराच्या पडवीत, चार टेबलं मांडून, दुपारच्या दोन तासांत वाढून संपतं. नाहीतर ते आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय शिजतच नाही. म्हणून इथे नुसता पत्ता माहीत असून भागत नाही. महिना, वार, वेळ आणि किती आधी सांगायचं, ही चार गणितं आधी जमवावी लागतात. बदलीवर आलेल्यांनी आणि चार दिवस फिरायला आलेल्यांनी, दोघांनीही याच क्रमाने जावं.

पहिली पायरी: महिना आणि वार बघा

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं त्यामागे आहेत. या दिवसांत ताटात ताटाएवढं पापलेट आलं तर ते बहुधा बर्फातलं असतं, किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेलं असतं, कारण तिकडची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते. तेव्हा जून-जुलैत पापलेट-सुरमईचा हट्ट धरू नये. खाडीची मासळी, कुर्ल्या म्हणजे खेकडे, पहिल्या पावसात वहाळाला (ओढ्याला) चढणारे चढणीचे मासे आणि सुकी मासळी हे त्या महिन्यांचं खरं जेवण. सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोलंबी, घालून केलेलं वांगं किंवा सुक्या बांगड्याची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) पावसात खाल्ली की बंदीचे दोन महिने वाया गेले असं वाटत नाही.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात, पण तेव्हा श्रावण चालू असतो आणि निम्म्या घरांत मासळी शिजत नाही. पाठोपाठ गणपती. त्या दिवसांत लहान खानावळींना कुलूप दिसलं तर आश्चर्य नको. रांधणारी बाई आपल्या घरच्या गणपतीत आणि मुंबईहून आलेल्या माणसांत असते. शिमग्यातही बऱ्याच गावांत हेच होतं. बांगडा आणि तारली भरपूर, ताजी आणि परवडणारी हवी असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ धरा. मे महिन्यात आंबा, फणस, काजू, रातांबे (कोकमाची फळं) सगळं मिळतं, पण गर्दीमुळे खानावळींचा हात घाईचा झालेला असतो.

वाराचं गणित बाहेरच्यांना सगळ्यात जास्त फसवतं. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी आणि मार्गशीर्षातले गुरुवार अनेक घरांत पाळले जातात. त्या दिवशी बाजारात मासळी कमी येते, आणि जी असते ती कालची असण्याची शक्यता वाढते. मासळीसाठी बुधवार, शुक्रवार, रविवार निवडा. सोमवारी शाकाहारी घरगुती जेवण शोधा. गुहागर, हेदवी, गणपतीपुळे या बाजूला डाळिंब्यांची उसळ, फणसाची भाजी, कोकमाचं सार आणि मऊ भात असं ताट मिळतं, आणि ते मासळीच्या ताटाच्या तोडीचं असतं.

वेळ अशी धरावी: दुपारी साडेबारा ते दोन, रात्री आठ ते नऊ. तीन वाजता गेलात तर भात असेल, मासा नसेल. गावात रात्री नऊनंतर चूल विझलेली असते. सागरी मार्गाने जाताना दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडले, आगरदांडा-दिघी अशा फेरीबोटी लागतात. एक फेरी चुकली की पाऊणेक तास सहज जातो आणि जेवणाची वेळ निघून जाते. बोटीच्या रांगेत उभं असतानाच खानावळीत फोन करून "चार जण आहोत, दोनपर्यंत पोचतो, काढून ठेवा" असं सांगावं. एवढ्या एका फोनने जेवण मिळतं.

दुसरी पायरी: खानावळ ओळखा

शोध समुद्राच्या बाजूने सुरू करू नका. एसटी स्टँड, तहसीलदार कचेरी, बँका आणि मासळी बाजार यांच्या आसपासच्या गल्ल्या आधी बघा. रोज जेवणारी माणसं तिथे असतात आणि रोज जेवणारा माणूस शिळा मासा दुसऱ्यांदा खायला येत नाही. एसटीचे चालक-वाहक, कचेरीतले कारकून, बंदरावरचे हमाल एकाच दारातून आत जाताना दिसले तर तिथे जा. रिक्षावाल्याला "चांगलं हॉटेल कुठलं?" असं विचारलं तर तो पर्यटकांच्या हॉटेलाशी नेऊन सोडतो, कारण तुम्हाला तेच हवं असेल असं त्याला वाटतं. "तुम्ही दुपारी कुठे जेवता?" असं विचारा. उत्तर वेगळं येतं.

आत गेल्यावर पाहायच्या खुणा थोड्या आहेत. फळ्यावर खडूने लिहिलेले दोन-तीन मासे, आणि त्यातला एखादा पुसलेला, ही उत्तम खूण. छापील कार्डावर बारा महिने चौदा मासे असतील तर त्यातले बरेचसे फ्रीजमधून येणार हे धरून चाला. भात उकडा हवा की सुरय (साधा पांढरा), असं विचारलं गेलं तर ती सिंधुदुर्गातली अस्सल जागा समजा. उकड्या तांदळाचा भात जाड, थोडा लालसर असतो आणि पोटाला धरून राहतो. तो नको वाटला तरी एकदा खाऊन बघा, कारण इथलं कालवण त्या भाताच्या हिशेबानेच केलेलं असतं.

आणि "आज नाही" हे उत्तर मिळालं तर निराश होऊ नका. सुरमई संपली, बांगडा आहे, असं जी काकी सरळ सांगते तिच्याकडे बांगडाच मागा.

जिल्ह्यागणिक चव बदलते हेही आधीच माहीत असावं, नाहीतर अपेक्षा चुकते. रायगडात आगरी-कोळी हाताला लाल तिखट मसाला, लसूण आणि चिंच पुढे असते, नारळ बेताचा आणि सोबत तांदळाची भाकरी. दक्षिणेला सरकावं तसा नारळ वाढत जातो आणि चिंचेची जागा कोकम घेतं. मालवण-वेंगुर्ल्याकडे ओला नारळ, सुकी मिरची आणि धणे पाट्यावर किंवा मिक्सरला गंधासारखे वाटून कालवण होतं. अलिबागला बसून मालवणी कढीची अपेक्षा धरू नये. तिथे चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, रस्सा मागवावा.

तिसरी पायरी: विचारायचं कसं

नावं पाठ करा, कारण तोच जीव तीन गावांत तीन नावांनी ओळखला जातो. कोलंबी सिंधुदुर्गात सुंगटा होते. खेकडा रायगडात चिंबोरी, मालवणात कुर्ली. सुरमईला इसवण म्हणतात, पापलेटाला सरंगा. शेवंड म्हणजे खडकातला मोठा, महागडा झिंगा. मोरी म्हणजे लहान शार्क, आणि तिचं मटणासारखं झणझणीत कालवण करतात. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, तर कालवं खडकाला चिकटलेली असतात आणि ती फोडून काढावी लागतात.

खानावळीत काकी, वहिनी, दादा, बाजारात मावशी. हाक मारून मग विचारावं. मालवणी मुलखात "काकी, जेवाक काय आसा?" किंवा "आज मासे काय गावले?" एवढं बोलता आलं तर पुरे. रायगडच्या कोळीवाड्यात "मावशी, आज म्हावरं काय आलंय?" उच्चार चुकला तरी कोणी हसत नाही, उलट जरा जास्त मायेने वाढतात. "पापलेट आहे का?" असं विचारलं की हो-नाही एवढंच उत्तर येतं. "आज काय आलंय?" विचारलं की सौंदाळे, मुडदुशे, कर्ली अशी नावं बाहेर पडतात. हे मासे मोठ्या हॉटेलांपर्यंत पोचतच नाहीत, कारण ते लहान, काटेरी आणि थोडे असतात. कर्लीला काटे इतके बारीक असतात की सवय नसेल तर पहिल्या दिवशी तळलेली कर्ली घेऊ नका. सौंदाळ्याने सुरुवात करा.

भाव जेवणाआधी विचारण्यात काही गैर नाही. बांगड्याच्या थाळीचा दर ठरलेला असतो, पण सुरमई, पापलेट, शेवंड यांचा दर नगाच्या आकारावर आणि त्या दिवशीच्या लिलावावर अवलंबून असतो. "नग दाखवा आणि भाव सांगा" असं आधीच म्हटलं की शेवटी वाद होत नाही. सुट्टे पैसे जवळ ठेवा. खाडीकाठच्या बऱ्याच गावांत मोबाइलला रेंज नसते आणि फोनवरून पैसे जात नाहीत.

चौथी पायरी: ताट वाचायला शिका

मासळीच्या थाळीत साधारणपणे कालवण, तळलेला मासा, एखादं सुकं, भाकरी किंवा चपाती, भात आणि सोलकढी येते. जेवण कसं आहे हे मासा सांगतो, पण त्याआधी सोलकढी सांगते.

वाटी जवळ घेऊन नीट पाहा. आमसुलाची कढी मंद, जांभळट झाकेची गुलाबी असते. मिठाईच्या दुकानातल्यासारखी भडक गुलाबी दिसली तर रंग पडलाय किंवा सरबताची बाटली ओतलीय. पाच मिनिटं वाटी हलवली नाही तर वर नारळाच्या रसाचा जाडसर पांढुरका थर येतो आणि खाली पातळ पाणी राहतं. हा दोष नाही, पीठ किंवा पावडर न घातल्याची ती खूण आहे. चमच्याने ढवळा आणि प्या. आधी नारळाचा गोडवा, मग आंबट, शेवटी घशाशी लसूण-मिरची लागली पाहिजे. घरी करायची तर एका मोठ्या नारळाच्या दोन वेळा काढलेल्या रसाला आठ-दहा आमसुलं, दोन पाकळ्या लसूण, एक हिरवी मिरची आणि मीठ एवढं पुरतं. चार-पाच वाट्या होते. ती उकळायची नसते, उकळली की फाटते. दुपारची सोलकढी रात्री पिऊ नका. उकाड्यात नारळाचा रस चार-पाच तासांत आंबतो, आणि आमसुलाच्या आंबटपणात ते चटकन कळत नाही.

बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे दाट आंबट-तिखट कालवणात, काळपट, सुरकुतलेली, फुटलेल्या बोंडासारखी टरफलं दिसतील. ती तिरफळं. त्यांनी वास द्यायचा आणि तेलकट माशाचा उग्रपणा मोडायचा, एवढंच त्यांचं काम. चावली तर जिभेला मुंग्या येतात आणि पुढची दहा मिनिटं चव कळत नाही. ताटाच्या कडेला काढून ठेवा.

पाचवी पायरी: आदल्या दिवशी सांगायचे पदार्थ

इथपर्यंत आलात तर रोजचं चांगलं जेवण मिळायला लागतं. पण कोकणातले जे पदार्थ बाहेर नावाजले जातात ते रोजच्या फळ्यावर नसतात, कारण त्यांना आदल्या रात्रीपासून तयारी लागते आणि एकट्यादुकट्यासाठी ते परवडत नाहीत. पाच-सहा माणसं जमवा आणि निदान चोवीस तास आधी सांगा. सकाळी पुन्हा एक फोन करा. निम्मे पैसे आधी द्या. इथे लोक मागत नाहीत, पण कोंबडी कापल्यावर पाहुणे आलेच नाहीत असे अनुभव बहुतेक खानावळींना आलेले आहेत. आगाऊ पैसे दिले की तेही निर्धास्त होतात.

गावठी कोंबडी आणि वडे हा त्यातला पहिला. 'गावठी' हा शब्द स्पष्ट वापरा, नाहीतर ब्रॉयलर येते. गावठी कोंबडी शिजायला तासाहून जास्त वेळ घेते, म्हणून "अर्ध्या तासात देतो" असं उत्तर आलं तर समजून जा. साफ केलेली सव्वा किलोची कोंबडी चार जणांना होते, वडे माणशी चार-पाच सांगा. वड्याचं पीठ जाडसर तांदूळ, उडीद डाळ, चणा डाळ, धणे, मेथी यांचं असतं. ते गरम पाण्यात मळून तीन-चार तास ठेवतात आणि मग थापून तळतात. म्हणूनच ऐनवेळी सांगितलं तर वड्यांऐवजी पुऱ्या पुढे येतात. सोबत काळ्या वाटाण्यांची उसळ मागा. वाटाणे रात्री भिजवावे लागतात, तेव्हा तीही आदल्या दिवशीच सांगायची. शाकाहारी माणूस बरोबर असेल तर वडे आणि ही उसळ एवढ्यावर त्याचं जेवण राजेशाही होतं.

गोडात शिरवळे आणि खापरोळ्या विचारा. शिरवळे म्हणजे तांदळाच्या उकडलेल्या पिठाच्या गरम शेवया, गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. गोळा गरम असतानाच लाकडी शेवग्यातून (शेवया पाडायच्या साच्यातून) दाबावा लागतो आणि त्याला दोन माणसांचा जोर लागतो. हे काम फार घरांत आता होत नाही, म्हणून जिथे 'करून देऊ' म्हणतात तिथे वेळेवर पोचा. थंड झालेले शिरवळे चिवट होतात. खापरोळी आंबवलेल्या पिठाची, जाळीदार आणि जाड असते. ती त्याच गोड रसात भिजते. तवसाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, गूळ घालून भाजलेला धोंडस पावसाळ्याअखेरीस मिळतो.

उकडीचे मोदक रत्नागिरी-गुहागरकडे वर्षभर ऑर्डरने होतात. माणशी तीन-चार धरा. संकष्टीला मागणी जास्त असते, तेव्हा दोन दिवस आधी सांगा. बांधून नेऊ नका. चार तासांनी उकड कडक होते आणि मग मोदकाला दोष दिला जातो. पातोळ्या हळदीच्या पानात गोड सारण भरून उकडतात, त्यांना ताजी पानं लागतात. ती नागपंचमीपासून गौरी-गणपतीपर्यंत चांगली मोठी असतात, त्यामुळे पातोळ्या त्याच दिवसांत मागा.

सहावी पायरी: ज्यांचा मोसम पंधरवड्याचा असतो ते पदार्थ

पावसाच्या पहिल्या सरींनंतर, जूनच्या आरंभी, रायगडच्या बाजारांत कातकरी आणि ठाकर बायका शेवळं या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात. जुडीसोबत हिरवी आवळ्याएवढी फळं ठेवलेली असतात, ती काकडं. काकडांशिवाय शेवळं घेऊ नका. शेवळांत घसा खाजवणारे बारीक स्फटिक असतात. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, चिरलेली शेवळं तेलात चांगली परतायची आणि काकडांचा आंबट रस घालून पूर्ण शिजवायची, तरच खाज जाते. भाजी करून खायची तर ओळखीच्या घरात किंवा जिथे दरवर्षी करतात अशा खानावळीतच खा. अर्धवट शिजलेलं शेवळ दोन-तीन तास घसा धरून ठेवतं.

श्रावणाच्या सुमारास वारुळांवर येणारी अळंबी मिळतात. ती बाजारात दहा-वीसच्या मोळीत, पानात गुंडाळून येतात आणि सकाळी नऊच्या आत संपतात. रानात दिसली म्हणून स्वतः खुडू नका. विषारी जाती दिसायला तशाच असतात. जी बाई वर्षानुवर्षं विकते तिच्याकडूनच घ्या आणि त्याच दिवशी शिजवा.

ओले काजूगर फेब्रुवारी ते एप्रिल. ते शेकड्यावर विकले जातात, किलोवर नाही. सोललेलेच घ्या. टरफलातलं तेल हात भाजतं आणि कातडी सोलपटते, गावात काजू सोलणाऱ्या बायकांच्या बोटांवर ते डाग दिसतात. वरची पातळ साल गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवली की सुटते. ओल्या नारळाच्या वाटपातली काजूगराची उसळ खानावळीत हवी असेल तर माणशी पंधरा-वीस गर धरून आदल्या दिवशी सांगा.

पोपटी मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. भात कापल्यावर रायगडात त्याच शेतात वाल होतो. डिसेंबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंत कोवळ्या दाण्यांच्या शेंगा येतात तेव्हा अलिबाग, पेण, रोहा भागांत रात्री शेतावर पोपटी लागते. मातीच्या मडक्यात खाली भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ आणि ओवा, मध्ये मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, बटाटे, अंडी, पुन्हा शेंगा आणि तोंडाशी दाबून पाला. मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, लाकडं रचून पेटवायची. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. शेंगांतल्या आणि पाल्यातल्या ओलाव्यावरच सगळं वाफवतं. पाणी घातलं तर शेंगा नुसत्या उकडतात आणि पाल्याचा वास उतरत नाही. अर्धा ते पाऊण तास लागतो. मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारून बघतात, चर्र आवाज येऊन थेंब लगेच उडाले की उतरवतात. जाळ एकाच बाजूला राहिला तर तिकडच्या शेंगा करपतात आणि दुसरीकडची कोंबडी कच्ची राहते, म्हणून पुडी उघडून हाडाजवळचं मांस पाहिल्याशिवाय खाऊ नये. पोपटी आठ-दहा जणांच्या मापाची असते. हॉटेलात न शोधता ज्यांचं स्वतःचं शेत आहे अशा निवास-न्याहारीवाल्यांना दोन दिवस आधी विचारा. भांबुर्डीचा पाला आहे ना, हे आधी विचारून घ्या. तो ओव्यासारख्या वासाचा रानपाला असतो. तो नसेल तर ती पोपटी होत नाही.

त्याच भागात फेब्रुवारीनंतर अलिबागजवळच्या कार्ले-खंडाळा या गावांच्या (लोणावळ्याकडच्या नव्हे) बाजूला रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्यांच्या वेण्या टांगलेल्या दिसतात. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे. तो कच्चा खायचा, तिखट लागत नाही. वेणी हवेशीर जागी टांगली तर काही महिने टिकते, प्लास्टिकच्या पिशवीत आठवड्यात कुजते.

जत्रांचा मोसम थंडीचा. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा असो की महाशिवरात्रीला कुणकेश्वराची यात्रा, मालवणी खाजा ताजा घ्यायची जागा तीच. बेसनाच्या तळलेल्या कांड्यांना गूळ-आल्याचा पाक चढवतात. कांडी तुटताना कट् आवाज यावा आणि आलं नाकाला जाणवावं. मऊ पडलेला खाजा परत कडक होत नाही.

सातवी पायरी: घरी न्यायचं सामान

आमसुलं काळपट जांभळी, मऊ, बोटांना किंचित ओलसर मिठाची लागली पाहिजेत. रातांब्याची सालं त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवतात, तेव्हा हा रंग येतो. तपकिरी, कडकडीत सालं म्हणजे जुनी किंवा रसात न भिजवलेली. आगळ आणि कोकम सरबत या दोन बाटल्यांत गल्लत करू नका. आगळ म्हणजे मीठ घातलेला निव्वळ रस, तो सोलकढीला. सरबतात साखर असते आणि त्याची सोलकढी होत नाही. आगळ काचेच्या बाटलीत वर्षभर टिकतं. अ‍ॅल्युमिनियम किंवा तांब्याच्या भांड्यात घालू नका, आंबटपणा धातू खातो.

तिरफळं घेताना आतल्या काळ्या बिया काढलेल्या आहेत का पाहा, त्या कचकचतात आणि कडवट असतात. कुळथाचं पीठ भाजून दळलेलं, पाव-अर्धा किलोच घ्या, दोन महिन्यांत वास जातो. त्याची पिठी, म्हणजे पातळ पिठलं, करताना माणशी दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवा. उकळत्या पाण्यात कोरडं टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. आंबापोळी आणि फणसपोळी मेअखेरीस घ्या, पावसाआधीच्या उन्हात वाळलेली. आंबापोळी पुढे काळपट होत जाते, ते बिघडल्याचं लक्षण नाही. पॅकबंद मालावर चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. आठवडा बाजारात घरगुती माल सुटा मिळतो, तिथे चाखून घ्या.

सुकी मासळी एप्रिल-मेमध्ये घ्यावी. सोडा वाकवला तर मोडला पाहिजे. नुसता वाकला तर आत ओल आहे आणि पावसात त्याला बुरशी येणार. घरी आणल्यावर एक कडक ऊन दाखवून मगच डब्यात भरा.

आठवी पायरी: मासळी स्वतः घेऊन रांधून घेणं

हर्णे बंदरावरचा लिलाव, रत्नागिरीचा मिरकरवाडा, मालवणचा किनारा, ही पाहण्यासारखी आणि घेण्यासारखी ठिकाणं. लिलावात नवख्याने बोली लावू नये, माल टोपल्यांनी जातो. लिलाव संपल्यावर त्याच बायका बाजूला वाटे मांडतात, तिथून घ्या. घेण्याआधी खानावळीला विचारून ठेवा: आणून दिलं तर कराल का, आणि कालवणाचे, तळणीचे किती घ्याल? माणशी पाव किलो अख्खा मासा पुरतो.

डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, पोट घट्ट, हातात धरल्यावर बांगडा ताठ, या खुणा सगळ्यांना लागू. पापलेटच्या कल्ल्याजवळ दाबा. पांढरट पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर शिळं. मोरीला अमोनियाचा वास येत असेल तर सोडून द्या. शिंपल्यांची तोंडं मिटलेली हवीत. उघडी शिंपली टिचकी मारल्यावर मिटली नाही तर ती मेलेली. मोठ्या ओहोटीला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे, तिसऱ्या आणि कालवं जास्त निघतात. तिसऱ्या दोन-तीन तास खाऱ्या पाण्यात ठेवा, वाळू सोडतात. गोड्या पाण्यात त्या मरतात आणि वाळू आतच राहते. कुर्ली हाताला जड लागली पाहिजे, आणि अमावस्येच्या सुमाराची भरलेली असते असं कोळी सांगतात.

बांगड्याला लगेच बर्फ हवा. तो उन्हात दोन-तीन तास राहिला तर त्यात हिस्टामाइन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं. शिजवल्याने ते जात नाही, आणि वासावरून दरवेळी कळतही नाही. म्हणून गाडीत थर्माकोलचा डबा आणि माशाइतकाच बर्फ ठेवा, आणि बंदरावरून खानावळीत सरळ जा. वाटेत किल्ला बघायचा असेल तर तो आधी बघून घ्या.